मनकवडेपणा शिकायचाय? पहिलं पुस्तक कोणतं घ्याल?

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे. मेंटॅलिझम शिकायचं आहे, घरात शिकवणारं कोणी नाही, तर पुस्तक कोणतं घ्यावं? याचं एका ओळीचं उत्तर मी आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. टोनी कोरिंडा यांचं 'थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम' घ्या. जगभरातले निम्म्याहून जास्त जाणकार हेच नाव सांगतील.

पण मी एवढंच सांगून थांबलो तर तुमचं नुकसान होईल. कारण प्रश्न फक्त कोणतं पुस्तक, एवढाच नाही. आधी कोणतं, नंतर कोणतं, त्यातलं कुठलं प्रकरण पहिलं वाचायचं आणि कुठलं बरेच दिवस उघडायचंच नाही, हा खरा प्रश्न आहे. मी हा क्रम चुकवला होता. आणि त्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच कोणीतरी मोजली. ती गोष्ट पुढे सांगतोच.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, नव्याने आलेल्यांसाठी. मी हैदराबादेत राहतो, दिवसा बँकेत नोकरी करतो आणि गेली काही वर्षं आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मनकवडेपणाचे प्रयोग करतो. पोटापाण्यासाठी नाही, हौस म्हणून. म्हणून मी जे सांगतोय ते एका हौशी माणसाने पुस्तकांवरून शिकताना खाल्लेल्या ठेचांवरून सांगतोय, असं समजा.

मेंटॅलिझम म्हणजे नक्की काय?

आपल्या भाषेत फार छान शब्द आहे, मनकवडा. समोरच्याच्या मनातलं ओळखणारा. रंगमंचावरचा मेंटॅलिस्ट म्हणजे मनकवड्याची भूमिका करणारा कलाकार. जादूगार टोपीतून ससा काढतो तेव्हा तुम्हाला माहीत असतं की ही हातचलाखी आहे. मेंटॅलिस्ट तुमच्या मनात धरलेलं आडनाव सांगतो, तुम्ही घडी घालून ठेवलेल्या चिठ्ठीतला मजकूर सांगतो, तुम्ही कोणता पत्ता निवडाल ते आधीच लिहून ठेवतो. इथे हात दिसत नाहीत, म्हणून हातचलाखीची शंकाही येत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. पी. सी. सरकार डोळ्यांवर पट्ट्या बांधून फळ्यावरचं वाचायचे. हल्ली सुहानी शाह यांच्यामुळे हा प्रकार घराघरातल्या मोबाईलवर पोचला. आणि त्याही आधी आपल्या गावात पिंगळा यायचा, कुडमुडे जोशी यायचे, नंदीबैल मान हलवून 'हो' म्हणायचा. तिथे काय चाललेलं असायचं ते समजून घ्यायलाही ही पुस्तकं उपयोगी पडतात.

एक मात्र आधीच स्पष्ट सांगतो. या पुस्तकांत मन वाचायची विद्या नाही. असतात त्या युक्त्या, थोडं मानसशास्त्र, भरपूर स्मरणशक्ती आणि त्याहून जास्त बोलण्याची कला. ज्याला हे वाचून निराशा वाटेल त्याने पैसे वाचवावेत.

माझी चूक

मी सुरुवात केली ती नेमकी उलट्या टोकाने. मला चिठ्ठ्या, पत्ते, तालमी यांचा कंटाळा होता. मला बोलायला आवडतं. म्हणून मी पहिलं पुस्तक घेतलं ते कोल्ड रीडिंगचं. कोल्ड रीडिंग म्हणजे अनोळखी माणसाला, त्याच्याबद्दल काहीही माहीत नसताना, त्याच्याच आयुष्याबद्दल असं सांगायचं की त्याला वाटावं, याला सगळं दिसतंय. यात सामान लागत नाही, हात सराईत असावे लागत नाहीत. दोन महिन्यांत मला जमायला लागलं.

त्या वर्षीच्या गणपतीत माझा कार्यक्रम झाला. टाळ्या झाल्या. नंतर प्रसादाच्या रांगेत आमच्या मंडळातल्या एक काकू बाजूला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझं जरा बघतोस का रे?" मी म्हणायला हवं होतं की काकू, तो कार्यक्रम होता, संपला. पण टाळ्या ताज्या होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला आणि पुस्तकातली पाठ केलेली वाक्यं मराठीत आणून म्हणायला लागलो. एक कागद बरेच दिवस अडकलाय. घरातलं एक माणूस दिसतं वरून कडक, पण आतून तुमच्यावर अवलंबून आहे. एका निर्णयात तुम्ही अडकलात. घाई करू नका, दिवाळी जाऊ द्या, मार्ग निघेल.

यातलं एकही वाक्य कोणाला लागू पडणार नाही, असं होतच नाही. पण काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं.

दिवाळीनंतर त्या पुन्हा भेटल्या. गावाकडचं घर विकायचं चाललं होतं, गिऱ्हाईक तयार होतं. मी दिवाळी जाऊ द्या म्हणालो म्हणून त्यांनी त्याला थांबवलं. तो थांबला नाही, त्याने दुसरं घर घेतलं. हे सांगताना त्या माझ्यावर रागावल्या असतील असं तुम्हाला वाटेल. नाही. त्या विचारायला आल्या होत्या, "आता पुढे काय दिसतं?"

मी घाबरलो. तिथल्या तिथे सांगून टाकलं, की काकू, मला काही दिसत नाही, ती वाक्यं एका पुस्तकातली होती. त्यावर त्या हसून म्हणाल्या, "असू दे रे बाळा. ज्यांना खरं कळतं ते कधी कबूल करत नाहीत."

ही गोष्ट मी पुस्तकांच्या विषयात का सांगतोय? कारण माझा प्रयोग फसला नव्हता, यशस्वी झाला होता. घोटाळा पुस्तकात नव्हता, मी ते कोणत्या वेळी हातात घेतलं त्यात होता. बोलायचं कसं, कुठे थांबायचं, लोकांना आपण कोण आहोत असं सांगायचं, हे शिकण्याआधी मी लोकांवर परिणाम करणारं हत्यार उचललं. म्हणून माझा पुस्तक निवडण्याचा पहिला नियम असा: जे पुस्तक तुम्हाला लवकरात लवकर प्रभावी बनवतं, ते शेवटी घ्यायचं.

पुस्तक हातात घेतल्यावर विचारायचे चार प्रश्न

कोणतंही पुस्तक विकत घेण्याआधी त्याची अनुक्रमणिका आणि दोन-चार पानं बघायला मिळतातच. तेवढ्यावरून मी हे चार प्रश्न विचारतो.

पहिला, प्रेक्षकाला काय दिसतं आणि आपण काय करतो, हे दोन्ही वेगवेगळं सांगितलंय का? चांगल्या पुस्तकात प्रत्येक प्रयोगाआधी परिणाम दिलेला असतो आणि मग कृती. परिणाम वाचूनच तुम्हाला ठरवता आलं पाहिजे की हा माझ्या लोकांसमोर शोभेल का.

दुसरा, चुकलं तर काय करायचं हे लिहिलंय का? मेंटॅलिझममध्ये चुकणं ठरलेलं आहे. बहुतेक लोक अमुक आकडा निवडतात, अमुक रंग निवडतात, अशा मानसशास्त्रीय युक्त्या भरपूर आहेत, पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळे' नव्हे. तुम्ही राणी बदामची म्हणाल असं मी गृहीत धरलं आणि तुम्ही किलवरची सत्ती म्हणालात, तर पुढचं वाक्य काय? जो लेखक खरोखर लोकांसमोर उभा राहिलाय तो हे सांगतोच. जो नुसता घरी बसून लिहितो तो हे विसरतो.

तिसरा, लागणारं सामान माझ्या घरात आहे का? कागद, पेन्सिल, पाकीट, पत्ते, एखादं पुस्तक यांच्यावर भागत असेल तर उत्तम. दर दोन पानांनी एखादं विकतचं उपकरण लागत असेल, तर ते पुस्तक नसून दुकानाची यादी आहे.

चौथा, तोंडाने काय बोलायचं ते दिलंय का, आणि ते मला मराठीत, माझ्या मावशीसमोर, न लाजता बोलता येईल का?

सुरुवात: एक छोटं पुस्तक

ज्याने आयुष्यात एकही जादू केलेली नाही त्याने थेट कोरिंडा उघडू नये. दम लागतो. त्याआधी कार्ल फुल्व्हज यांचं 'सेल्फ वर्किंग मेंटल मॅजिक' घ्यावं. डोव्हर या अमेरिकन प्रकाशनाने १९७९ मध्ये काढलेलं हे पुस्तक. यात ६७ प्रयोग आहेत आणि 'सेल्फ वर्किंग' म्हणजे कृती नीट केली की प्रयोग आपोआप जमतो, हातचलाखी लागत नाही.

यातले सगळे शिकायचे नाहीत. तीन निवडा. महिनाभर तेच तीन घरच्यांना, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या लोकांना दाखवा. हात मोकळे असल्यामुळे तुमचं सगळं लक्ष बोलण्याकडे राहील. लोक कुठे बघतात, कुठे कंटाळतात, कुठे मध्येच 'पुन्हा करून दाखव' म्हणतात, हे त्या महिन्यात कळतं. ते कुठलंही पुस्तक सांगू शकत नाही.

कोरिंडा: तेरा पायऱ्या, पण उलट्या

आता मुख्य पुस्तक. कोरिंडा हे ब्रिटिश. त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीला वेगवेगळ्या तेरा पुस्तिका काढायला सुरुवात केली, एकेका विषयाला एक. नंतर त्या एकत्र होऊन जाडजूड पुस्तक झालं. म्हणूनच याची प्रकरणं एकमेकांवर अवलंबून नाहीत, आणि म्हणूनच ती हव्या त्या क्रमाने वाचता येतात. नावात पायऱ्या असल्या तरी हा जिना नाही, तेरा खोल्या आहेत.

पहिल्या खोलीत एक बारीकसं उपकरण आहे. चोरून लिहायचं. त्याला त्या धंद्यातले जुने लोक 'स्वामी गिमिक' म्हणतात. बहुतेक नवशिके इथूनच सुरू करतात आणि इथेच अडकतात, कारण त्याचा सराव किचकट आहे. माझा क्रम असा आहे.

सर्वांत आधी तेरावी पायरी. बोलणं आणि सादरीकरण. ती शेवटी छापली आहे म्हणून लोक वाचतच नाहीत. खरं तर बाकीच्या बारा पायऱ्यांना अर्थ देणारी हीच आहे.

मग दुसरी. यात पेन्सिलीच्या हालचालीवरून काय लिहिलं ते ओळखणं, ओठांच्या हालचालीवरून, आवाजावरून आणि स्पर्शावरून ओळखणं आहे. यातला स्पर्शाचा भाग, ज्याला मसल रीडिंग म्हणतात, तो मी सगळ्यांना करायला सांगतो, कारण ती युक्ती नाही, खरोखरीचं कौशल्य आहे. घरी करून बघा. तुम्ही खोलीबाहेर जा. मित्राला एक रुपयाचं नाणं कुठेतरी लपवू द्या. परत आल्यावर त्याला तुमचं मनगट धरायला सांगा आणि मनातल्या मनात फक्त दिशा म्हणायला सांगा: उजवीकडे, पुढे, थांब. तुम्ही सावकाश चाला. चुकीच्या दिशेला निघालात की त्याचा हात किंचित अडतो, बरोबर दिशेला सैल पडतो. त्याला स्वतःला हे कळत नाही. पहिल्या दिवशी काही जमणार नाही. पंधरा दिवसांनी तुम्हीच चकित व्हाल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉशिंग्टन अर्व्हिंग बिशप आणि स्टुअर्ट कंबरलँड यांनी यावर मोठमोठी सभागृहं गाजवली. कंबरलँड तर उघड सांगायचे की हे स्नायूंचं वाचन आहे, मनाचं नाही. १९०७ मध्ये जर्मनीत ऑस्कर फुंग्स्ट यांनी गणितं सोडवणाऱ्या हान्स नावाच्या घोड्याची तपासणी केली, तेव्हा हेच निघालं. घोडा गणित करत नव्हता, विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली बघून टाप मारायची थांबत होता. आपला नंदीबैल आठवला ना?

त्यानंतर तिसरी पायरी, स्मरणतंत्र. मग चौथी, भाकितं, सहावी, चिठ्ठ्या, सातवी, पुस्तकातला शब्द ओळखण्याचे प्रयोग. एवढं झालं की तुमचा वीस मिनिटांचा कार्यक्रम उभा राहतो. पहिली, पाचवी, आठवी, दहावी आवडीप्रमाणे. बारावी प्रसिद्धीसाठीच्या करामतींची, तिची हौशी माणसाला गरज नाही. आणि नववी व अकरावी अगदी शेवटी. नवव्या पायरीत मृतात्म्यांशी बोलणाऱ्यांच्या बैठकीतले प्रयोग आहेत, अकराव्यात लोकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं देणं आहे. मी जिथे घसरलो ती ही जागा.

मराठीत आणताना काय बदलतं

ही सगळी पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि परक्या घरांसाठी लिहिलेली आहेत. कोरिंडा आणि त्यांच्या आधीचे लेखक धरून चालतात की प्रत्येकाच्या खिशात सिगारेट आणि आगपेटी आहे, टेबलावर टेलिफोनची डिरेक्टरी आहे. ते बदलणं सोपं आहे. सिगारेटच्या जागी खडू घ्या, डिरेक्टरीच्या जागी दिवाळी अंक घ्या. डॉलरच्या नोटेचा क्रमांक असेल तिथे आपल्या नोटेवरचे शेवटचे सहा आकडे चालतात.

अवघड आहे ते अक्षरांचं. पेन्सिलीची हालचाल वाचायचा सराव तुम्ही इंग्रजी अक्षरांवर केला आणि समोरच्या आजींनी देवनागरीत 'प्रल्हाद' लिहिलं, तर तुमची पंचाईत. देवनागरीचा सराव वेगळा करावा लागतो. त्यात एक फायदाही आहे: बरेच लोक शिरोरेषा शेवटी ओढतात, त्यामुळे शब्द संपला हे कळतं आणि तो केवढा होता हेही कळतं. आकड्यांचंही तसंच. मंडळात बसलेल्या पन्नास माणसांत काही जण मराठी आकडे काढणार, काही जण इंग्रजी. दोन्हींचा सराव हवा. नावातल्या एकेका इंग्रजी अक्षराचा अंदाज घेत नावापर्यंत पोचायच्या युक्त्या तर मी सोडूनच दिल्या. आपल्या जोडाक्षरांपुढे त्या टिकत नाहीत.

स्मरणतंत्राच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत आहोत. इंग्रजी पुस्तकं प्रत्येक आकड्याला एक व्यंजन देऊन त्यांचे शब्द करायला शिकवतात. आपल्याकडे ही कल्पना कटपयादी नावाने शतकानुशतकं वापरात आहे. क, ट, प, य म्हणजे १. ख, ठ, फ, र म्हणजे २. ग, ड, ब, ल म्हणजे ३. घ, ढ, भ, व म्हणजे ४. ङ, ण, म, श म्हणजे ५. च, त, ष म्हणजे ६. छ, थ, स म्हणजे ७. ज, द, ह म्हणजे ८. झ, ध म्हणजे ९. ञ, न म्हणजे ०. जुन्या रीतीत आकडे उजवीकडून डावीकडे वाचतात. मी सोयीसाठी सरळ वाचतो. मग ८४ म्हणजे दिवा, ४८ म्हणजे वही, ११ म्हणजे पाटी. शंभर आकड्यांचे शंभर शब्द वहीत लिहून काढा. प्रेक्षकांनी सांगितलेल्या वीस वस्तू क्रमाने, उलट, मधूनच कुठलीही, अशा सांगता येतात. यात फसवणूक काहीच नाही, म्हणून कार्यक्रमाची सुरुवात मी यानेच करतो. हैदराबादेत तर तेलुगू अवधानाची परंपरा असल्यामुळे लोक याला विशेष दाद देतात.

दुसरं पुस्तक, आणि त्यानंतरची

कोरिंडामधल्या चार-पाच पायऱ्या पायाखालून गेल्या की थिओडोर ॲनेमन यांचं 'प्रॅक्टिकल मेंटल इफेक्ट्स' घ्या. ॲनेमन हे अमेरिकन. १९३४ ते १९४१ या काळात त्यांनी 'द जिंक्स' नावाचं नियतकालिक चालवलं. १९४२ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांच्या नियतकालिकातले निवडक प्रयोग एकत्र करून १९४४ मध्ये हे पुस्तक निघालं. पुढे डोव्हरने तेच 'प्रॅक्टिकल मेंटल मॅजिक' या नावाने छापलं. म्हणून घाईत दोन्ही मागवू नका, पुस्तक एकच आहे.

हे दुसरं का, पहिलं का नाही? कारण ते जाणकारांसाठी असलेल्या नियतकालिकातून आलंय. प्रयोग थोडक्यात दिलेत, बारीकसारीक गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरलंय. पण एकदा पाया झाला की ॲनेमनचा साधेपणा शिकण्यासारखा आहे. कागदाचा एक तुकडा, एक पाकीट, एक माणूस.

पुढे बॉब कॅसिडी यांचं 'द आर्ट ऑफ मेंटॅलिझम' हे व्यक्तिरेखा कशी घडवायची यासाठी, आणि बॅनाचेक यांचं 'सायकॉलॉजिकल सटलटीज' हे बोलण्यातल्या बारकाव्यांसाठी. हे बॅनाचेक म्हणजे तरुणपणी जेम्स रँडी यांच्या मोहिमेत एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत खोटा अतींद्रिय शक्तीवाला बनून गेलेले दोघांपैकी एक. संशोधकांनाही फसवता येतं हे त्यांनी दाखवलं आणि १९८३ मध्ये ते जाहीर झालं. कॅसिडी यांनी स्वतः मेंटॅलिस्टने वाचायच्या ३९ पुस्तकांची एक यादीही केली आहे. यादी उत्तम आहे, पण ती पहिल्या वर्षी बघू नका. बघितलीत तर वाचण्याऐवजी जमवायला लागाल.

जी पुस्तकं मेंटॅलिझमची वाटतात, पण नसतात

डेरेन ब्राऊन यांचे कार्यक्रम बघून पुष्कळ लोक या वाटेला येतात आणि देहबोली, संमोहन, एनएलपी यांची पुस्तकं घेऊन बसतात. त्यांना वाटतं, तो माणूस डोळ्यांच्या हालचालींवरून सगळं ओळखतो. मंडळी, मानसशास्त्राचं ते स्पष्टीकरण हा पुष्कळदा प्रयोगाचाच भाग असतो, प्रेक्षकाने चुकीच्या जागी बघावं म्हणून दिलेला. ब्राऊन यांचं २००६ चं 'ट्रिक्स ऑफ द माइंड' वाचनीय आहे, स्मरणशक्ती आणि श्रद्धा-अंधश्रद्धेबद्दल त्यात खूप काही आहे. पण ते सर्वसामान्य वाचकांसाठी आहे, प्रयोग उभे करायला शिकवण्यासाठी नाही. तेवढं समजून घ्यावं.

आणखी एक गोष्ट, जी सांगताना मला स्वतःलाच शरम वाटते. एके काळी माझ्या कॉम्प्युटरवर चारशेच्या वर फुकट उतरवलेल्या पीडीएफ होत्या. हयात लेखकांच्यासुद्धा. त्या चारशेंतला एकही प्रयोग मी लोकांसमोर केला नाही. रोज नवीन गुपित कळायचं आणि शिकल्यासारखं वाटायचं. शेवटी सगळ्या पुसून टाकल्या आणि एक पुस्तक पैसे देऊन घेतलं. पैसे दिले होते म्हणून ते पेन्सिल घेऊन वाचलं.

कोल्ड रीडिंगचं काय?

वाचू नका असं मी म्हणणार नाही. इयन रोलँड यांचं 'द फुल फॅक्ट्स बुक ऑफ कोल्ड रीडिंग' हे या विषयावरचं सगळ्यांत नीटनेटकं पुस्तक. पण ते आधी स्वतःच्या बचावासाठी वाचा.

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून एक वर्णन दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. मग त्यांनी सांगितलं की सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं. सुशिक्षित, तरुण, मानसशास्त्र शिकणारी मुलं होती ती. मग काळजीत असलेल्या काकूंचं काय घेऊन बसलात?

पाश्चात्त्य देशांत 'स्वामी' हा एक पोशाख होता. अलेक्झांडर नावाने गाजलेला अमेरिकन कलाकार डोक्याला पागोटं बांधून रंगमंचावर यायचा आणि लोक त्याला नाटक समजून टाळ्या वाजवायचे, निदान बरेचसे. आपल्याकडे तोच शब्द उच्चारला की माणसं वाकून नमस्कार करतात. पुस्तकातलं वाक्य तेच असतं, पण ते इथे वेगळं काम करतं. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं किंवा लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या समितीने वर्षानुवर्षं त्यासाठी पाठपुरावा केला. आपण करतो ते मनोरंजन आहे. पण ते मनोरंजन आहे हे समोरच्याला माहीत असलं, तरच.

म्हणून आता माझे नियम तीन. कार्यक्रमाच्या सुरुवातीला सांगायचं की मला कुठलीही शक्ती नाही. पैसा, लग्न, आजारपण, मूल आणि गेलेलं माणूस या विषयांना हात लावायचा नाही. आणि कार्यक्रम संपला की संपला, प्रसादाच्या रांगेत कोणाचा हात हातात घ्यायचा नाही. सुरुवातीला सांगणं महत्त्वाचं. नंतर सांगितलेलं कोणी ऐकत नाही, हे मला काकूंनी शिकवलं.

तर मग, थोडक्यात

पहिला महिना फुल्व्हजमधले तीन प्रयोग. पुढचं वर्ष कोरिंडा, तेराव्या पायरीपासून. मग ॲनेमन. मग तुमच्या स्वभावाप्रमाणे कॅसिडी किंवा बॅनाचेक. कोल्ड रीडिंग शेवटी. एका वेळी टेबलावर एकच पुस्तक. समासात स्वतःच्या भाषेतली वाक्यं लिहीत जा, कारण तुमचा प्रेक्षक इंदूरचा असेल, बडोद्याचा असेल, बेळगावचा असेल, तो कोरिंडाचा लंडनवाला नसेल.

त्या काकू अजून कार्यक्रमाला येतात, पहिल्या रांगेत बसतात. मी त्यांना आता वीस वस्तू विचारतो आणि उलट क्रमाने सांगून दाखवतो. परवा घरी येऊन म्हणाल्या, "ते दिवा आणि वहीचं मलाही शिकव की. किराणा विसरते हल्ली." मी एका कागदावर कटपयादीचा तक्ता काढून दिला. त्यांनी तो फ्रिजवर चिकटवलाय.

पुढच्या भागात याच तक्त्यावरून शंभर शब्द कसे बसवायचे ते बघू. तोपर्यंत वही-पेन्सिल तयार ठेवा.